बराकपूरचे ऊन आणि विलायती काचघर

घरास लागून काचेची एक खोली बांधावी, तीत फुलझाडांच्या कुंड्या मांडाव्यात, वेताच्या दोन खुर्च्या टाकाव्यात आणि हिरवाईच्या सान्निध्यात सकाळचा चहा घ्यावा, ही कल्पना कोणासही मोहक वाटेल. माझ्या परिचयाचे एक मराठी गृहस्थ नोकरीनिमित्त बंगालमध्ये गेले आणि निवृत्तीनंतर बराकपुरासच राहिले. गतवर्षी त्यांनी अशा खोलीचा बेत केला व एका इंग्रजी पुस्तकातील प्रकरण मराठीत उतरवून देण्याविषयी मला लिहिले. सोबत घराचा नकाशाही होता. नवी खोली त्यांच्या वृद्ध मातुःश्रींच्या खोलीच्या दक्षिणेस यावयाची होती.

भाषांतर हा माझा व्यवसाय. तेव्हा काम आनंदाने पत्करले. परंतु तिसऱ्या पानावर लेखणी थांबली. खोली दक्षिणाभिमुख असावी, छत संपूर्ण काचेचे असावे आणि आतील ऊब बाहेर जाऊ नये म्हणून सांधे घट्ट बसवावेत, असा तेथे उपदेश होता. त्याचे मराठी करणे मुळीच कठीण नव्हते. पण ते मराठी बराकपूरला धाडणे म्हणजे एका सज्जन माणसाची शिल्लक भट्टीत घालण्यास हातभार लावणे होते. व्यावहारिक विज्ञानाच्या पुस्तकात शब्दांबरोबर अक्षांशाचेही भाषांतर झाले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते ज्यास करावयाचे नसेल त्याने असे पुस्तक हाती घेऊ नये.

काचघर जन्मास आले ते थंडीच्या भीतीने. उष्ण प्रदेशांतील वनस्पती युरोपात जगवावयाच्या, तर तेथे त्या प्रदेशांची हवा निर्माण करणे प्राप्त होते. १८३५ साली चॅट्स्वर्थ येथील जोसेफ पॅक्स्टन यांनी जॉन गिब्सन नावाचा तरुण माळी कलकत्त्यास पाठविला. 'ॲम्हर्स्टिया' हा ब्रह्मदेशातील अपूर्व फुलांचा वृक्ष आणि आमरी वर्गातील वनस्पती घेऊन तो परतला. त्याच सुमारास पॅक्स्टन यांनी चॅट्स्वर्थला प्रचंड काचघर उभारण्यास आरंभ केला. पुढे १८५१ चा लंडनचा स्फटिकमहाल त्यांनीच योजिला. म्हणजे ज्या हवेची नक्कल करण्यासाठी विलायतेत एवढी काच आणि एवढा कोळसा खर्ची पडला, ती हवा बराकपुरास फुकट मिळते. तेथे काचघर बांधणे म्हणजे गंगेच्या काठी बसून विहीर खणणे होय.

काचेखाली ऊब का साचते, याविषयीही एक गैरसमज रूढ आहे. ऊन काचेतून आत येते, पण तापलेल्या वस्तूंपासून निघणारे दीर्घ लहरींचे उष्णताकिरण काच बाहेर जाऊ देत नाही, हे खरे. परंतु मुख्य कारण ते नव्हे. १९०९ साली रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दोन पेट्या घेतल्या, एकीवर काच बसविली व दुसरीवर पारदर्शक सैंधवाची पत्री. सैंधवातून उष्णताकिरण निसटू शकतात. तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या. तापलेली हवा वर जाऊन निघून जावयाची ती कोंडली गेली, हे खरे कारण. स्वच्छ आकाश असता भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॉट ऊन पडते. बारा फूट लांब व दहा फूट रुंद छत म्हणजे अकरा चौरस मीटर. काचेचे परावर्तन वजा जाता आठनऊ किलोवॉट आत येतात. एकेक किलोवॉटच्या आठ विजेच्या शेगड्या एकदम पेटविल्यासारखे ते झाले! आणि मातुःश्रींची खिडकी उघडणार होती ती याच खोलीत.

बराकपूरच्या समोर, हुगळीच्या पलीकडच्या तीरावर श्रीरामपूर आहे. मराठी वाचकांस ते गाव परके नाही. तेथील विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण रचले व ते १८०५ मध्ये छापून प्रसिद्ध केले. हेच केरी नामांकित वनस्पतिज्ञ होते. १८२० मध्ये त्यांनी कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन केली. इंग्लंडहून आलेल्या बियांच्या पिशवीतील माती त्यांनी सावलीच्या एका कोपऱ्यात झटकली, तो काही दिवसांनी तेथे मायदेशीचे डेझीचे रोप उगवले. तो आनंद त्यांनी पत्रात नमूद केला आहे. इंग्लंडात वर्षानुवर्षे टिकणारी ही वनस्पती बंगालमध्ये मात्र त्यांना दरवर्षी नव्याने बी पेरून राखावी लागली.

मग झाडांसाठी खोली बांधूच नये काय? अवश्य बांधावी, मात्र नमुना जवळचा घ्यावा. बंगालमध्ये विड्याच्या पानांची लागवड 'बोरोज' नामक मांडवात करतात. बांबूचा सांगाडा, तागाच्या काड्यांच्या भिंती आणि वर गवताचे विरळ छप्पर. ऊन गाळून येते, वारा मोडतो, ओल टिकते. आपल्याकडील पानमळ्यात हेच काम शेवरी, शेवगा व पांगारा ही झाडे करतात. काच न वापरता साधलेले हे वनस्पतिगृह आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालविले आणि सुशिक्षितांनी त्याकडे पाहिले नाही, याचे मला नवल वाटते. दार्जिलिंगच्या थंडीत काचेस अर्थ आहे, हे मी नाकारीत नाही. मावळात तळेगावच्या बाजूस गुलाबासाठी प्लॅस्टिकची हरितगृहे आहेत; पण तेथेही हवा खेळती राखण्याची तजवीज करावीच लागते.

बराकपूर उत्तर अक्षांश २२ अंश ४६ कलांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित खाली आहे. जून व जुलै या दोन्ही महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात तेथे मध्यान्हीचा सूर्य डोक्यावर येतो. डिसेंबरच्या अखेरीस तो दक्षिणेस ४४ अंशांवर असतो. दक्षिणेच्या भिंतीस दोन फुटांचा छज्जा काढला, तर हिवाळ्यात त्याची सावली भिंतीवर दोन फूटच उतरते व खालून कोवळे ऊन आत येते. मार्चमध्ये तीच सावली पावणेपाच फूट होते. जूनमध्ये मध्यान्हीचे ऊन त्या भिंतीस शिवतही नाही. तेव्हा दक्षिण दिशा येथेही योग्यच, परंतु कारण निराळे. उन्हाळ्यात वारा तिकडून येतो. पश्चिमेस मात्र काच नको. तेथे वेल चढवावा.

छतास बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या असाव्यात आणि दोन पट्ट्यांत पट्टीएवढेच अंतर सोडावे, म्हणजे निम्मे ऊन आत येते. पट्ट्या दक्षिणोत्तर ठेवाव्यात. सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जाताना त्यांची सावली सरकत राहते व एकाच पानावर ऊन ठरत नाही. बांबू टाकणखार व बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवून घ्यावा, नाहीतर भुंगा दोन वर्षांत त्याचे पीठ करतो. डोक्यावर काच न घालण्यास आणखीही एक कारण आहे. चैत्र-वैशाखात तेथे कालबैसाखीची वादळे गारांसह येतात, आणि २० मे २०२० च्या 'अम्फान' वादळाने तर शिबपूरच्या उद्यानातील सुप्रसिद्ध महावटासही मोडतोड सोसावी लागली.

पाण्याचा हिशेब बहुधा कोणी करीत नाही. पट्ट्यांचे छत पाऊस अडवीत नाही. दोन इंच पाऊस झाला की तेवढ्या जागेत साडेपाचशे लिटरांवर पाणी पडते, आणि हुगळीकाठी दोन इंच म्हणजे काही विशेष नव्हे. म्हणून फरशीस घराच्या उलट बाजूस उतार द्यावा आणि नव्या बांधकामाचा सांधा जुन्या भिंतीत खाच घेऊन पत्र्याने झाकावा. नगरपालिकेची मंजुरी आधी घ्यावी.

हे सर्व मी भाषांतराऐवजी पत्रात लिहून कळविले, आणि खोली सात फूट पूर्वेस सरकवून मातुःश्रींची खिडकी मोकळी ठेवावी, असेही सुचविले. उत्तर आले, ते नव्या नकाशासह. खोली सरकली आहे, छत पट्ट्यांचे आहे. पश्चिमेस काचेची एक लहान चौकट मात्र त्यांनी हौसेने राखली आहे. तिच्याबाहेर कोणता वेल लावावा, एवढेच आता त्यांनी विचारले आहे.