अमेरिकेत पगार, पुण्यात ठेव

न्यू जर्सी, डॅलस किंवा बे एरियात नोकरी करणाऱ्या आणि पुण्या-नाशकात आई-बाबा असलेल्या मराठी घरांना एक कळकळीची विनंती आहे. पैसे कुठे गुंतवायचे हे व्याजाचा दर बघून ठरवू नका. ते पुढे कुठे खर्च होणार, हे आधी ठरवा.

‘तिकडची बँक चार टक्के देते, इकडे अनिवासींच्या एनआरई ठेवीवर सात मिळतात,’ हा हिशेब सर्रास ऐकू येतो. त्यात रुपया धरलेलाच नसतो. २०११च्या मध्याला डॉलर साधारण ४५ रुपयांना होता, २०२४च्या मध्याला साडेत्र्याऐंशीला. समजा, तेव्हा १,००० डॉलरचे ४५,००० रुपये करून ८ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले असते, तर १३ वर्षांत त्यांचे सुमारे १,२२,००० रुपये झाले असते. हा आकडा छान दिसतो. पण ते पुन्हा अमेरिकेत नेले तर १,४६० डॉलरच्या आसपास मिळतात, म्हणजे वर्षाला जेमतेम ३ टक्के. शिवाय एनआरई ठेवीचं व्याज भारतात करमुक्त असलं, तरी अमेरिकेत ते दरवर्षी उत्पन्नात दाखवून त्यावर कर भरावा लागतो.

रुपयाची ही घसरण अचानक झालेली नाही. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के, अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचं २ टक्के. जिथे भाव जास्त वेगाने वाढतात, तिथलं चलन लांबच्या पल्ल्यात उतरत जातं. भारताची अर्थव्यवस्था अमेरिकेपेक्षा वेगाने वाढते आहे आणि पुढेही वाढेल असं मला वाटतं. तरीही देशाची वाढ म्हणजे तुमच्या डॉलरवरचा परतावा नव्हे. उलट, अमेरिकेचा शेअर बाजार म्हणजे हमखास कमाई असंही कुणी समजू नये. एस अँड पी ५०० हा निर्देशांक १९९९च्या अखेरीस जिथे होता, त्याच्या खालीच २००९च्या अखेरीस होता. दहा वर्षं धीर धरणं सोपं नसतं.

म्हातारपण सांगली-साताऱ्यात काढायचं नक्की असेल, तर रुपयातली ठेव योग्यच आहे. मग डॉलर किती वधारला याची चिंता करू नका. मुलांचं कॉलेज आणि घराचे हप्ते तिकडे असतील, तर ती पुंजी डॉलरमध्येच राहू द्या. आई-बाबांच्या औषधपाण्याचे आणि दवाखान्याचे पैसे मात्र रुपयांत, इथल्या बँकेत, त्यांना सहज काढता येतील असे वेगळे ठेवा.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण खरं नुकसान तिथे होतं. बाबांच्या खात्यावर सोय म्हणून तुमचं नाव जोडलेलं असतं. पैसे त्यांचे असले तरी सहीचा अधिकार तुमचाही असतो. अमेरिकेच्या करकायद्यानुसार तुम्ही तिथले रहिवासी ठरत असाल, आणि परदेशातल्या अशा सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी ‘एफबार’ हा परदेशी खात्यांची माहिती देणारा अर्ज भरावा लागतो. एच-वन-बी व्हिसावर असलेल्या बहुतेकांनाही हे लागू आहे. यात कर भरायचा नसतो, फक्त माहिती द्यायची असते. न दिल्यास दंड मात्र जबर आहे. नोकरीसाठी देश सोडल्यावर भारतातलं साधं बचत खातं अनिवासींसाठीचं एनआरओ खातं करून घ्यावं लागतं, हेही बरेच जण वर्षानुवर्षं लांबणीवर टाकतात.

भारतीय म्युच्युअल फंडांची एसआयपी करणाऱ्यांनी तर आजच थांबून विचार करावा. अमेरिकेचं करखातं या फंडांना ‘पीफिक’ म्हणजे निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी या वर्गात टाकतं. वर्षानुवर्षं हिशेब न देता शेवटी युनिट विकले, तर नफा मागच्या सगळ्या वर्षांवर वाटून जवळपास सगळ्यावर सर्वोच्च दराने कर लागतो, वर व्याजही. एजंट हे सांगत नाही, आणि इथल्या सीएला ते माहीत असेलच असं नाही. दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सल्लागाराची फी महाग वाटते. तरी ती द्या. येत्या एप्रिलचं विवरणपत्र भरण्याआधी दोन्हीकडच्या सगळ्या खात्यांची यादी आई-बाबांसोबत बसून करा आणि एक प्रत त्यांच्याकडेही ठेवा.