बसची लेन नदीपाशीच का संपते?

निगडी ते दापोडी हा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा सुमारे १२ किलोमीटरचा बीआरटी मार्ग २०१८मध्ये सुरू झाला. रस्ता प्रशस्त, मधे ग्रेड सेपरेटर, कडेला सर्व्हिस रोड आणि बससाठी राखीव लेन. दापोडीला मुळा नदी येते, हॅरिस पूल येतो, पिंपरी-चिंचवडची हद्द संपते आणि बसची लेनही संपते. पुढे बोपोडी, खडकी, शिवाजीनगर. म्हणजे रस्ता ऐसपैस होता तिथे बसला स्वतंत्र जागा मिळाली आणि खरी कोंडी सुरू होते तिथे तिला गर्दीत सोडून दिलं.

माझं म्हणणं सरळ आहे: ही लेन नदी ओलांडून शिवाजीनगरपर्यंत गेली पाहिजे.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं, 'पुढे रस्ता अरुंद आहे.' अहो, म्हणूनच तर लेन हवी! एका बसमध्ये साठ माणसं मावतात. तेवढीच माणसं मोटारींतून निघाली, तर मोटारींची रांग चौकापासून पुलापर्यंत जाईल. जागा कमी असेल तेव्हा ती कमी जागेत जास्त माणसं नेणाऱ्याला आधी द्यायची, एवढं साधं गणित आहे. आपण मात्र वाहनं मोजतो, माणसं मोजतच नाही.

दुसरं उत्तर, 'बीआरटी पुण्यात फसली.' २००६च्या अखेरीस स्वारगेट-कात्रज-हडपसर मार्गावर प्रयोग सुरू झाला, तेव्हापासून हे वाक्य ऐकतोय. नगर रस्त्यावरची लेन तर टप्प्याटप्प्याने उखडूनही टाकली. पण मधेच तुटणारी, दुचाक्या घुसणारी, चौकात इतरांबरोबर सिग्नलला ताटकळणारी लेन बीआरटी कशी म्हणायची? नळाला मधेच भोक पाडायचं आणि वर पाणी येत नाही म्हणून पाण्याला नावं ठेवायची, असा हा प्रकार आहे.

तिसरं उत्तर सगळ्यात नवं, 'आता मेट्रो आहे ना.' आहे, आणि चांगलीच आहे. २०२२मध्ये पिंपरी ते फुगेवाडी धावली, २०२३मध्ये नदी ओलांडून सिव्हिल कोर्टापर्यंत आली. मुद्दा नेमका हाच आहे. मेट्रोसाठी याच बोपोडी-खडकी भागात जागा मिळाली, लष्कराच्या परवानग्या मिळाल्या, दोन्ही महापालिकांच्या सह्या झाल्या. मग बससाठी रंगाचे पट्टे आणि एक पोलीस का मिळत नाही? शिवाय चिखली-मोशीच्या माणसाच्या दारात मेट्रो येत नाही. त्याला बसच लागते.

दोन शहरांमध्ये हे जमतच नाही, असंही नाही. कोलंबियातल्या बोगोटा शहराची ट्रान्समिलेनिओ २०००मध्ये सुरू झाली आणि २०१३मध्ये शेजारच्या सोआचा या वेगळ्या नगरपालिकेच्या हद्दीत शिरली. तेरा वर्षं लागली, गर्दीच्या तक्रारी आजही आहेत, पण लेन हद्दीवर अडली नाही. इतकं लांब कशाला, हुबळी-धारवाड बघा. तिथे मार्ग झाला तेव्हा दोन्ही गावं मिळून एकच महापालिका होती. बसमार्ग एका गावात सुरू होऊन दुसऱ्या गावात संपतो. त्यावरही टीका होते, पण निदान मार्ग सलग आहे.

आपल्याकडे बस कंपनी २००७पासून एकच आहे, पीएमपीएमएल. त्यात पुण्याचा वाटा ६० टक्के, पिंपरी-चिंचवडचा ४०. बस एक, तिकीट एक, प्रवासी तेच. रस्त्याचे मालक मात्र वेगवेगळे: इकडे एक महापालिका, तिकडे दुसरी, मधे खडकी कॅन्टोन्मेंट. प्रत्येकाने आपापल्या हद्दीपुरतं नियोजन केलं आणि जोड कुणाचाच राहिला नाही.

म्हणून मागण्या तीनच. निगडी ते शिवाजीनगर हा एकच मार्ग धरून त्याचा एकच आराखडा आणि एकच जबाबदार अधिकारी. जिथे कायमची लेन बसत नाही, तिथे निदान सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळी बसची लेन आणि सिग्नलला बस आधी. आणि रस्ता किती चालला हे ठरवताना तासाला किती माणसं गेली ते मोजा.

यातलं काहीही नवा उड्डाणपूल बांधण्याइतकं महाग नाही. म्हणूनच बहुधा त्याचं उद्घाटन करायला कुणी उत्सुक नाही. हप्त्यावर दुचाकी घेण्याआधी एकदा हा प्रश्न तुमच्या नगरसेवकाला विचारा: बसची लेन पूल कधी ओलांडणार? पुणे आणि पिंपरी-चिंचवड, दोन्हीकडच्या.