इमर्जन्सीतून जाणारा फोन

मिशिगनमधल्या नोव्हायच्या हॉस्पिटलात मध्यरात्री कुणाला मेंदूतल्या रक्तस्रावानं बेशुद्ध आणलं, नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि टॉर्च मारूनही डोळ्यांच्या बाहुल्या आकसल्या नाहीत, तर ॲन आर्बरच्या ‘गिफ्ट ऑफ लाइफ मिशिगन’ या अवयवदान संस्थेला फोन करावा लागतो. घरच्यांना स्कॅनमध्ये काय दिसलं हेही तोवर नीट कळलेलं नसतं. हे समजल्यावर इथली कितीतरी मराठी माणसं संतापतात. माणूस अजून श्वास घेतो आहे आणि यांनी त्याच्या किडन्या मोजायला घेतल्या? मग काहीजण लायसन्सवर छापलेलं अवयवदात्याचं हृदयाचं चिन्ह काढून टाकायचं ठरवतात. या संतापामागची भीती खरी आहे, म्हणूनच तिला दधीचीची गोष्ट ऐकवून गप्प करणं मला पटत नाही. तिला मुद्द्यांनीच उत्तर द्यायला हवं.

पहिला आक्षेप असा की फोन गेला की उपचार सैलावतात. पण तो फोन कुणा डॉक्टरच्या मनात आलं म्हणून होत नाही. मृत्यू झाला किंवा अटळ दिसू लागला की अवयवदान संस्थेला वेळेत कळवायचं, असा अमेरिकी केंद्र सरकारचा नियम १९९८ पासून मेडिकेअर या सरकारी विम्याचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांवर बंधनकारक आहे. रुग्णाचं वय, धर्म किंवा व्हिसा पाहून फोन करायचा की नाही हे ठरत नाही. फोन घेणाऱ्याला उपचारांत ढवळाढवळ करण्याचा अधिकार नाही. मृत्यू झाला की नाही हे हॉस्पिटलचे डॉक्टर ठरवतात, आणि ज्यानं मृत्यू जाहीर केला त्याला अवयव काढण्यात किंवा बसवण्यात भाग घ्यायला कायद्यानं मनाई आहे. मेंदूमृत्यूची, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबल्याची, तपासणीही घाईनं उरकता येत नाही. २०२३ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे हृदय बंद पडून मेंदूला इजा झाली असेल, तर तपासणीआधी किमान २४ तास थांबावं लागतं. शेवटी व्हेंटिलेटरचा श्वास थांबवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरलेल्या पातळीपर्यंत चढू देऊन, छाती स्वतःहून हलते का हे पाहतात. एक जरी श्वास आला तरी तो मेंदूमृत्यू नव्हे.

उलट, घाईचा धोका आहे तो कुणालाही न कळवता इमर्जन्सीतच नळी काढण्यात. ‘आता काही उरलं नाही’ हा पहिल्या दोन-चार तासांतला अंदाज चुकू शकतो, आणि त्या अंदाजावर उपचार थांबवले की तो खरा ठरतोच, कारण त्याला खोटं ठरवायला रुग्ण उरत नाही. म्हणून मेंदूच्या अतिगंभीर इजेनंतर ७२ तासांपर्यंत आयसीयूत ठेवून पाहावं, असा सल्ला अमेरिकेतल्या न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटीनं २०१५ मध्ये दिला. ब्रिटनमधल्या अतिदक्षता तज्ज्ञांनीही २०१८ मध्ये थांबून पाहण्याचीच बाजू घेतली. या तासांत वाचण्याची शक्यता असलेला रुग्ण वाचतो आणि ज्याचं वाचणं शक्य नाही त्याच्या दानाची वाट मोकळी राहते. रुग्णाचं हित आणि दान यांच्यात निदान या टप्प्यावर तरी भांडण नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे, केंटकी राज्यातल्या घटनेचा. २०२१ मध्ये तिथं एक रुग्ण अवयव काढण्याची तयारी चालू असताना हालचाल करू लागला, आणि तो जगला. पुढे केंद्राच्या आरोग्य खात्यानं दान ठरूनही पूर्ण न झालेली ३५१ प्रकरणं तपासली. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं की त्यांतली १०३ चिंताजनक होती आणि ७३ रुग्णांमध्ये अवयवदानाशी न जुळणाऱ्या मेंदूच्या कार्याच्या खुणा होत्या. यावर पांघरूण घालणारा माणूस अवयवदानाचा मित्र नव्हे. पण चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते पाहा. यंत्र काढून हृदय थांबण्याची वाट पाहायची, अशा मार्गानं होणाऱ्या दानाच्या तयारीत शुद्धीच्या खुणा दिसत होत्या, आणि त्यांकडे दुर्लक्ष झालं. त्यावर इलाज एकच: खोलीतल्या कुठल्याही नर्सला ‘थांबा’ म्हणता यावं आणि ते म्हटल्यावर सगळ्यांनी थांबायलाच हवं. इमर्जन्सीतला फोन बंद करून यातलं काय सुधारणार?

हीच भीती वाढवणारी आणखी एक घटना: आपल्या शेजारच्या साउथफिल्डमध्ये २०२० साली एका तरुणीला मृत जाहीर केलं गेलं आणि फ्युनरल होममध्ये ती श्वास घेताना आढळली. तो मेंदूमृत्यूच्या तपासणीचा निष्कर्ष नव्हता. पॅरामेडिकनं फोनवर दिलेल्या माहितीवरून डॉक्टरनं दिलेला निर्णय होता. भ्यायचंच असेल तर तपासणी न होण्याला भ्यावं.

तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे: इमर्जन्सीच्या कॉरिडॉरमध्ये आईला किंवा नवऱ्याला दानाबद्दल विचारणं क्रूर आहे. तिथल्या डॉक्टरनं ते विचारूच नये. संभाव्य दाता ओळखणं, मृत्यू ठरवणं आणि घरच्यांशी दानाविषयी बोलणं ही तीन माणसांची तीन कामं आहेत. तिसरं काम शिकवून तयार केलेल्या माणसाचं आहे, आणि तेही मृत्यू घरच्यांच्या गळी उतरल्यावरच.

पहिली दोन कामं झालीच नाहीत तर काय होतं, हे मायदेशी दिसतं. २०२४ मध्ये अमेरिकेत जवळपास १७,००० मृत दाते मिळाले, तर १४० कोटींच्या भारतात १,१२८. आपली माणसं मनानं कोती आहेत म्हणून हा फरक पडला, असं मी मानत नाही. भारताच्या कायद्यात २०११ च्या दुरुस्तीनं आयसीयूतल्या रुग्णांच्या नातेवाइकांना दानाबद्दल विचारण्याची तरतूद आहे. तरीही मेंदूमृत्यूची तपासणीच न झाल्यामुळे कितीतरी कुटुंबांना तो प्रश्न कधी विचारलाच जात नाही.

नोव्हायच्या मराठी घरांसाठी खरी अडचण वेगळी आहे. ज्यानं दाता म्हणून स्वतः नोंद केली आहे त्याचा शब्द इथल्या कायद्यात अखेरचा असतो. घरच्यांना तो फिरवता येत नाही. तेव्हा बायकोला आणि मोठ्या मुलांना ही नोंद आधीच माहीत असायला हवी. पण उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांकडे ना इथलं लायसन्स, ना नोंद. त्यांच्या वतीनं ठरवायची वेळ रात्री दोन वाजता मुलावर येईल, आणि भाऊ पुण्यातून फोनवर ओरडत असेल. प्रवासी विमा काढताना आपण त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची यादी करतो. त्याच बैठकीत त्यांना हेही विचारावं आणि पुण्यातल्या भावालाही त्या बोलण्यात घ्यावं. ते ‘नाही’ म्हणाले तरी चालेल. ते नाही त्यांचं असेल, घाबरलेल्या मुलाचं नसेल.