वाचवलेला तास जातो कुठे?

मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार. भिंतीवरचं कॅलेंडर बघा, या दोन दिवसांना आपल्याकडे काही नाव नाही. सण नाही, उपास नाही आणि सुट्टी म्हणावी तर रविवारच तो! पण नालासोपारा पूर्वेला, आमच्या तुळिंज रोडच्या दोन्ही बाजूंच्या बिल्डिंगांमध्ये अशी पुष्कळ घरं आहेत, जिथे या दोन रविवारांनंतर अलार्म बदलतो, जेवायची वेळ बदलते, रिक्षाची वेळ बदलते. कारण काय, तर अमेरिकेने आपलं घड्याळ हलवलेलं असतं.

याला म्हणतात डेलाइट सेव्हिंग टाइम. फंडा सोपा आहे. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो, तेव्हा लोक झोपलेले असतात. मग घड्याळच एक तास पुढे ढकला, म्हणजे लोक आपोआप लवकर उठतील आणि ऑफिसातून सुटल्यावर संध्याकाळी तासभर जास्त उजेड मिळेल. मार्चमध्ये रात्री दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर जातं आणि नोव्हेंबरमध्ये दोन वाजले की परत एकवर येतं. आपल्याकडे दिवस लहानमोठा होण्यात फारसा फरक नाही, म्हणून आपल्याला हे सगळं भातुकलीसारखं वाटतं. तिथे मात्र हा देशाचा कायदा आहे, १९६६ पासूनचा. आजच्या तारखा २००५ च्या कायद्याने ठरल्या आणि २००७ पासून लागू झाल्या.

आता तुळिंजचा आणि याचा संबंध! मी मालाडच्या एका ऑफिसात अमेरिकन हॉस्पिटलांची बिलं आणि इन्शुरन्सचे क्लेम बघतो. माझ्यासारखे नालासोपारा, विरार, वसईत ढिगाने आहेत. आमचा दिवस न्यूयॉर्कच्या घड्याळावर चालतो. तिथे उन्हाळ्याचं घड्याळ असतं तेव्हा आपल्यातला फरक साडेनऊ तासांचा, म्हणजे तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपल्या संध्याकाळचे साडेसहा. हिवाळ्यात तोच फरक साडेदहा तासांचा होतो आणि शिफ्ट साडेसातला सुरू होते. न्यू जर्सीच्या मावशीला फोन करणाऱ्यांना हे माहीत असतंच. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात हौसेने पैसे घालणाऱ्यांनाही माहीत असतं, कारण तो बाजार आपल्याकडे कधी संध्याकाळी सातला उघडतो, कधी आठला.

रात्रपाळीतल्या माणसाला अमेरिकेचा भूगोल पाठ होतो तो असा, घड्याळावरून. उदाहरणार्थ ॲरिझोना. हे राज्य घड्याळ हलवतच नाही. वाळवंटातलं ऊन आधीच भाजून काढतं, त्यात संध्याकाळचा आणखी एक तास कशाला? पण त्याच राज्याच्या उत्तरेला नवाहो आदिवासींचा प्रदेश आहे, तो हलवतो. आणि नवाहोंनी चारही बाजूंनी वेढलेला होपी आदिवासींचा प्रदेश आहे, तो परत हलवत नाही! म्हणजे गाडीने सरळ जाताना मनगटावरचं घड्याळ मागे-पुढे, मागे-पुढे. हवाईसुद्धा हलवत नाही. इंडियाना राज्यात बराच काळ काही जिल्हे हलवायचे, काही नाही. २००६ मध्ये कुठे सगळ्यांचं एक झालं.

आणखी एक गंमत ऐका. नोव्हेंबरच्या त्या रात्री एक ते दोन हा तास दोनदा येतो. २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडच्या हॉस्पिटलात त्या रात्री जुळी मुलं झाली. पहिला जन्मला एक वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. त्याच्यानंतर ३१ मिनिटांनी दुसरा आला, तर घड्याळात वाजले होते एक दहा. म्हणजे धाकटा कागदोपत्री मोठा झाला! आपल्याकडे असं झालं असतं तर पत्रिका मांडणाऱ्या गुरुजींची काय अवस्था झाली असती याचा विचार करा. लग्न, कुंडली आणि वडिलोपार्जित जमीन अशी तिन्ही प्रकरणं एका तासात कोर्टात गेली असती.

आणि रेल्वे? ॲमट्रॅक ही तिथली लांब पल्ल्याच्या गाड्या चालवणारी कंपनी. नोव्हेंबरच्या त्या रात्री धावणाऱ्या तिच्या गाड्या तासभर थांबून राहतात, नाहीतर पुढच्या स्टेशनवर वेळेआधी पोचतील म्हणून. मार्चमध्ये मात्र त्याच गाड्या एका क्षणात तासभर लेट होतात आणि जमेल तेवढा वेळ भरून काढत जातात. आमच्या विरार लाइनवर गाडी लेट व्हायला कायद्याची गरज लागत नाही, हा भाग वेगळा.

हे सगळं शेतकऱ्यांसाठी केलं, असं अमेरिकेतही पुष्कळांना वाटतं. प्रकार उलटा आहे. पहिल्या महायुद्धात १९१८ मध्ये ही पद्धत आली, तेव्हा शेतकऱ्यांनीच कडाडून विरोध केला. गायीला घड्याळ कळत नाही आणि दव वाळल्याशिवाय गवत कापता येत नाही, मजूर मात्र घड्याळ बघून घरी जातो! शेवटी १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार बाजूला सारून काँग्रेसने तो कायदा रद्द केला. पुढे १९८० च्या दशकात हा काळ वाढवावा म्हणून जोर लावला तो गोल्फवाल्यांनी आणि अंगणात मांस भाजायच्या शेगड्या नि कोळसा विकणाऱ्यांनी. संध्याकाळचा उजेड म्हणजे त्यांचा धंदा. हॅलोविन ३१ ऑक्टोबरला असतो. पोरं दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात, तेव्हा उजेड असलेला चॉकलेटवाल्यांनाही हवाच होता.

तर तास वाचतो. पण जातो कुठे? हा हिशोब मी एका पहाटे प्लॅटफॉर्मवर बसून केला. करायला दुसरं काही नव्हतंच.

हिवाळ्यात आमची शिफ्ट पहाटे साडेचारला सुटते. चालत-रिक्षाने स्टेशनवर येईपर्यंत पहाटेची विरार लोकल मिळते. उन्हाळ्यात शिफ्ट सुटते साडेतीनला, आणि आम्हाला मिळते तीच लोकल. ऑफिसची गाडी आहे, पण ती दहिसर चेकनाक्यापलीकडे येत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या बाईची संमती घ्यावी लागते आणि तिला घराच्या दारापर्यंत सोडायची व्यवस्था करावी लागते. ते योग्यच आहे. त्यासाठी वेगळी गाडी आहे, तिच्यात एखादी सीट रिकामी राहिली तर आमच्यातल्या एकाची लॉटरी लागते. बाकीच्यांना लॉग आउट झाल्यावर अर्ध्या तासात मजला सोडायचा, कँटीन बंद, खाली उतरायचं.

म्हणजे मार्च ते नोव्हेंबर आम्ही घरून एक तास आधी निघतो आणि घरी पोचतो मात्र त्याच वेळी. अमेरिकेने जो तास वाचवला, तो आम्ही बाकड्यावर बसून काढतो. ही पद्धत वर्षातले ३४ आठवडे चालते. आठवड्याचे पाच दिवस धरले तर १७० तास. सुट्ट्या, आजारपण, ऐनवेळी मिळालेली लिफ्ट हे वजा केलं तरी वर्षाकाठी जवळजवळ सहा अख्खे दिवस आणि सहा अख्ख्या रात्री होतात. अमेरिकन माणूस तेवढ्या वेळात गोल्फ खेळतो. आम्ही डास मारतो.

एक फायदा आहे, तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. आमच्या लोकलला गर्दी नसते! संध्याकाळी सगळं जग विरारकडे येत असतं तेव्हा आम्ही मालाडकडे जातो, आणि पहाटे सगळं जग मुंबईकडे निघतं तेव्हा आम्ही परत येतो. नालासोपाऱ्याच्या माणसाला विंडो सीट रोज, तीही हवेच्या बाजूची! या एका गोष्टीसाठी लोकांनी आमचा हेवा करावा.

पण तास हा फक्त प्लॅटफॉर्मवरच जात नाही. माझ्या टीममधला एक मित्र आचोळे रोडला राहतो. त्याची मुलगी सात वर्षांची, दुपारच्या शाळेतून पाचला घरी येते. हिवाळ्यात तो पावणेसहाला निघतो, म्हणजे दोघांना पाऊण तास मिळतो. चहा-बिस्किट, गृहपाठ, खाली एक चक्कर सायकलची. मार्चमध्ये अमेरिकेचं घड्याळ पुढे गेलं की तो पावणेपाचला निघतो. ती जिना चढत असते तेव्हा बाबा रिक्षात. मधला सुट्टीचा मे सोडला तर अख्खा पावसाळा, गणपती, नवरात्र, दिवाळी हे असंच. ती त्याला विचारते, "बाबा, तुमचा लेट सीझन कधी सुरू होणार?" सात वर्षांच्या मुलीला अमेरिकेतला नोव्हेंबर कळतो, कारण तो तिच्या बाबांचा पाऊण तास घेऊन येतो.

आता तुम्ही म्हणाल, हे घड्याळ हलवणं अमेरिका बंद का करत नाही? करायचं तर त्यांनाही आहे. भांडण एवढंच, की घड्याळ थांबवायचं कुठे? मार्च २०२२ मध्ये सिनेटने एकमताने ठराव केला, की कायम उन्हाळ्याचंच घड्याळ ठेवा. खालच्या सभागृहात त्यावर मतदानच झालं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रम्प यांनी ही पद्धत मोडीत काढू असं जाहीर केलं आणि मार्च २०२५ मध्ये म्हणाले, लोक यात निम्मे-निम्मे आहेत. कायमचं उन्हाळी घड्याळ एकदा करूनही झालंय. तेलटंचाईच्या काळात, जानेवारी १९७४ मध्ये. शाळकरी मुलं मिट्ट काळोखात रस्त्यावर उभी राहायला लागली, आयाबाप भडकले आणि वर्ष संपायच्या आत तो प्रयोग गुंडाळला गेला. झोपेचे डॉक्टर, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन, २०२० पासून सांगताहेत की कायम हिवाळ्याचं, म्हणजे मूळ घड्याळच शरीराला बरं.

तुळिंजला मत विचारलं तर आमचा पूर्ण पाठिंबा या डॉक्टरांना. पण विचारतंय कोण? तिथल्या चर्चेत शाळेतली मुलं आहेत, गोल्फ आहे, गोळ्या-चॉकलेटं आहेत, गायीसुद्धा होऊन गेल्या. सुटल्यावर दीड तास लोकलची वाट बघणारा माणूस त्या यादीत नाही. तो असायचंही कारण नाही, तो त्यांचा मतदार नाही.

गंमत म्हणजे घड्याळाच्या बाबतीत मुंबईचा माणूस एकेकाळी असा गप्प बसणारा नव्हता. १ जानेवारी १९०६ ला सरकारने भारतीय प्रमाणवेळ आणली, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे होती. गिरण्यांच्या कामगारांनी ओळखलं, की घड्याळ पुढे गेलं म्हणजे आपली झोप गेली. काम बंद पडलं, गिरण्यांवर दगड पडले. पुढे नगरपालिकेत सर फिरोजशहा मेहतांनी बाजू लढवली आणि शहराची सार्वजनिक घड्याळं मुंबई टाइमवर राहिली. कुणी वेळ सांगितली की 'कुठला टाइम?' असं विचारायची पाळी यायची. स्वातंत्र्यानंतरही, १९५५ पर्यंत, मुंबई टाइम टिकून होता. गिरणीत भोंग्यावर जाणाऱ्या, घरात घड्याळ नसलेल्या माणसांना जे कळलं होतं, ते स्मार्टफोनवाल्या आम्हाला कळत नाही असं नाही. पण आमचं घड्याळ आपोआप बदलतं ना, मग भांडण कुणाशी करणार?

दगड कुणी मारायला नकोत. ॲरिझोनासारखं वेगळं घड्याळ लावून आम्हाला जमणारही नाही. अमेरिकेचं काम घेतलं म्हणजे अमेरिकेचं घड्याळ आलंच, पगारही त्याचाच मिळतो. मागणी तेवढी मोठी नाही. वर्षातले ते ३४ आठवडे पहिल्या गाडीपर्यंत कँटीनचा एक कोपरा उघडा ठेवा, दोन पंखे चालू ठेवा. नाहीतर दहिसर ते विरार एक गाडी सोडा. ॲमट्रॅक अख्ख्या ट्रेन तासभर उभ्या करू शकते, तर एक कँटीन तासभर उघडं ठेवणं फार अवघड नसावं.

आणि तुमच्यापैकी कुणी या महिन्यात अशा नोकरीचा इंटरव्ह्यू द्यायला जाणार असेल, तर एक फुकटचा सल्ला. पगार विचाराल, इन्सेंटिव्ह विचाराल, वीकेंड ऑफ विचाराल. शेवटी एक प्रश्न आणखी विचारा: 'मार्चनंतर सुटल्यावर मी घरी कसा जायचं?' समोरचा एचआरवाला उत्तर शोधायला लागला, की समजा, तो कधी पहिल्या लोकलची वाट बघत बसलेला नाही.