खिडकी उघडी की बंद?

गेले पंधरा दिवस आई साताऱ्याहून आमच्याकडे पुण्यात आली आहे. रोज रात्री साडेदहाला आमचं एकाच विषयावरून वाजतं. ती म्हणते, "अरे, खिडकी उघड की, कोंडल्यासारखं होतंय." मी म्हणतो, "नको गं, धूळ येते, पोरगा रात्रभर खोकतो." मागच्या प्लॉटवर टॉवर उठतोय आणि काँक्रीटच्या गाड्या नेमक्या रात्री येतात.

गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे. बंद खोलीत तिघं झोपलो की पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कितीतरी पट होतो, सकाळी डोकं जड. खिडकी उघडली तर पीएम २.५, म्हणजे मिलिमीटरच्या चारशेव्या भागाहून बारीक कण. त्यांनी नाक-घसा आतून सुजतो, श्वासाची वाट अरुंद होते, घोरणं वाढतं, जाग येते. सकाळी ती आठवतही नाही.

अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या लोकांवरचा एक अभ्यास २०१९ साली आला. घनमीटरमागे पीएम २.५ फक्त ५ मायक्रोग्रॅमने जास्त, तर झोपेत श्वास अडण्याच्या विकाराची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी जास्त. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, मान्य. पण आपली चोवीस तासांची सरकारी मर्यादाच ६० आहे हो! जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सांगितली.

आणि आपण काय करतो? मनगटावरचं घड्याळ सकाळी झोपेचे मार्क देतं, मग स्वतःलाच दोष. कॉफी सोडा, मोबाइल लांब ठेवा. मी दोन्ही केलं. मार्क तेच.

माझा खरा राग सरासरीवर आहे. हवेचा जो निर्देशांक आपण बघतो, त्यात या कणांचा आकडा चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. थंडीत रात्री जमीन गार पडते, खालची हवा गार आणि वरची उबदार, म्हणजे झाकणच. धूर वर जातच नाही. दुपारी वाऱ्याने हवा स्वच्छ होते आणि त्या दुपारच्या जिवावर रात्र 'समाधानकारक' ठरते. सर्व्हर रोज रात्री अकराला झोपत असेल, तर दिवसभराची सरासरी दाखवून तुमचा मॅनेजर तुम्हाला सोडेल का?

मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये हवा फारच बिघडली, तेव्हा महापालिकेने ७० मीटरपेक्षा उंच बांधकामांभोवती ३५ फुटी पत्रे सक्तीचे केले. चांगलंच आहे. पण पत्रा रात्री उभ्या असलेल्या डिझेल गाडीचा धूर अडवत नाही.

(आईला डासांसाठी कॉइल पण हवी असते. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण निघतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं होतं. हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मच्छरदाणी आण." आणली. तेवढा एक प्रश्न सुटला.)

असो. उद्या सोसायटीची मीटिंग आहे. अजेंड्यावर नेहमीप्रमाणे पार्किंग. मी रात्री दहानंतरच्या गाड्यांचा विषय घालणार आहे, ताशी आकड्यांचा ग्राफ प्रिंट करून ठेवलाय. चेअरमनसाहेबांचा फ्लॅट पुढच्या बाजूला आहे, त्यामुळे बघू.