आईचा धाक कुठून येतो?

आई मुलीला सारखी बजावत असते. कपडे असे धू, स्वयंपाक असा कर, अशी चालू नकोस. मुलगी मध्ये फक्त दोनदा बोलते. जमैका किंकेड यांची १९७८ सालची ‘गर्ल’ ही छोटीशी रचना एवढीच आहे. किंकेड यांचा जन्म अँटिग्वाचा. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेच्या मधल्या कॅरिबियन समुद्रातले हे एक बेट.

वाचताना वाटते, किती टोचून बोलते ही बाई! मला मात्र त्या बोलण्याखाली भीती दिसते, आणि ती भीती एकट्या तिची नाही.

त्या बेटांवर आफ्रिकेतून माणसे जहाजांत कोंबून आणली आणि उसाच्या मळ्यांत राबवली. गुलाम आईचे लेकरू तिचे नसे, मालकाचे असे. तो ते विकूही शकत होता. ब्रिटिश वसाहतींत गुलामीबंदीचा कायदा १८३४ साली लागू झाला, पण पूर्ण सुटका व्हायला १८३८ उजाडले. दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. राबणाऱ्यांना छदामही नाही. कायद्याने बेडी तुटली, पण मनातला धाक कोण काढणार?

हे काम तिथल्या कवयित्रींनी हाती घेतले. गयाना देशात जन्मलेल्या ग्रेस निकोल्स यांनी १९८३ सालच्या संग्रहात गुलाम म्हणून आणलेल्या बाईला बोलते केले. टोबॅगोच्या एम. नूरबेसी फिलिप भाषेचे दुःख मांडतात. गुलामांनी एकत्र येऊन बंड करू नये म्हणून एका भाषेची माणसे मुद्दाम वेगळी ठेवली जात. आजीची भाषाच हिरावली, तर तिचे दुःख नातीने कोणत्या शब्दांत सांगायचे? जमैकाच्या लोर्ना गुडिसन आईकडून आलेले बळही मोजतात. वारशात नुसती जखम येत नाही.

कोणी म्हणेल, जुने कशाला उकरायचे? मला हे पटत नाही. दुःख रक्तातून उतरते का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण ते धाकातून, मारातून आणि गप्प बसण्यातून उतरते, हे घराघरांत दिसते. न बोललेले दुःख पुढची पिढी आपलाच दोष समजून वागवते. ‘हे माझ्या आजीवर गुदरले’ असे म्हणता आले, की मुलगी आईला दोष देणे थांबवते आणि आपल्या लेकीवर हात उचलण्याआधी थबकते.

म्हणून आज आई किंवा आजीजवळ बसा. ‘तुझ्या लहानपणी काय झाले होते?’ एवढेच विचारा. ती बोलली नाही तर जबरदस्ती नको. बोलली तर मध्ये तोडू नका.

कविता म्हणजे औषध नव्हे. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांना गाठा, किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर मोफत फोन करा. मदत मागण्यात लाज कसली?