नवख्याचा प्रश्न

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्याकडे पायी निघालेल्या माणसांची रीघ दिसू लागते. भरतीच्या वेळी हाच किल्ला चोहोबाजूंनी पाण्याने वेढला जातो आणि मग होडीवाचून गत्यंतर उरत नाही. घाटावरून प्रथमच आलेला पाहुणा वाळूवर उभ्या असलेल्या एखाद्या कोळ्याला विचारतो, "दादा, पाणी परत कधी चढेल?" तोच प्रश्न त्या कोळ्याने सकाळपासून वीस वेळा ऐकलेला असतो. वास्तविक भरतीचा कोकणातील हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. चतुर्थीला सुमारे ३ वाजता पूर्ण भरती येते, आणि तिच्या सहा-सव्वासहा तास आधी व नंतर ओहोटी असते. तेव्हा "पंचांग पाहा" असे कोळ्याने म्हटले, तर ते खोटे ठरणार नाही. परंतु आज तिथी कोणती आणि तिचा समुद्राच्या पाण्याशी संबंध काय, हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला त्या खऱ्या उत्तराचा काय उपयोग? तो बिचारा किल्ल्यातच अडकून पडावयाचा. "भाऊ, १० वाजेपर्यंत मागे फिरा," एवढे त्याला आधी सांगावे. पाऊणपटीचा हिशेब तो परत आल्यावर शिकवावा.

संगणकाच्या जगात हीच गोष्ट वेगळ्या रूपाने दिसते. लिनक्स ही संगणक चालविणारी प्रणाली कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. जगभरच्या हजारो जाणकारांनी ती मिळून घडविली, आणि ती कोणालाही विनामूल्य घेता येते. घरोघरच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही लिनक्सच आहे. ती वापरताना अडचण आली, तर विचारावयाचे तेही अशाच जाणकारांना. त्यांतील पुष्कळजण एक पैसाही न घेता, फावल्या वेळात उत्तरे देतात. हे औदार्य सामान्य नव्हे. परंतु त्यांच्यापैकी काहींमध्ये एक खोडही दीर्घकाळ रुजली. नवख्याने साधा प्रश्न केला की, "माहितीपुस्तिका वाच" एवढेच तुटकपणे सांगावयाचे. प्रसंगी त्याला हिणवावयाचे. असा हिणवला गेलेला मुलगा पुन्हा प्रश्न विचारीत नाही, आणि बहुधा ती विद्याच सोडून देतो.

जाणकारांची बाजूही ऐकली पाहिजे. "माझा संगणक चालत नाही, काय करू?" असे विचारणारा हा वैद्याकडे जाऊन नुसते "बरे वाटत नाही" म्हणणाऱ्या रोग्यासारखाच होय. यंत्र कोणते, पडद्यावर कोणती अक्षरे उमटली, तोवर काय काय करून पाहिले, हे सांगणे विचारणाऱ्याचे कर्तव्य आहे. तथापि काय सांगावे हेही नवख्याला कित्येकदा कळत नाही. ते गोडीने विचारून घेण्याचा भार जाणत्यावरच पडतो, कारण दोघांत वाट ठाऊक असलेला तो एकटाच असतो.

लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्स हे १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकणारे २१ वर्षांचे विद्यार्थी होते. त्या वर्षीच्या जुलैत, अमुक एका मानकाचे नियम कोठे मिळतील, असे त्यांनी इतरांना जाहीरपणे विचारले होते. ऑगस्टमध्ये, आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत आहोत, तीत काय असावे, असेही विचारले. त्या वेळी त्यांना सर्वांनीच झिडकारले असते तर? नवल असे की, पुढे हेच टोरव्हाल्ड्स सहकाऱ्यांना लागट बोलण्याबद्दल प्रसिद्ध झाले! २०१८ च्या सप्टेंबरात त्यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली.

मुंबईत पवई येथील आयआयटीमध्ये 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा एक उपक्रम चालतो. लिनक्स व तत्सम मुक्त प्रणाली शिकविणारे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ तेथे तयार होतात. त्यांत मराठी पाठही आहेत. पाठाचे लेखन झाले की ते तो विषय न जाणणाऱ्या एखाद्या नवख्याच्या हाती देतात. त्याने वाचावयाचे आणि तसतसे करून पाहावयाचे. जेथे तो अडखळतो तेथे लेखन सुधारले जाते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन येथील शाळांतही ही रीत अवलंबिता येईल. सातवीच्या मुलाने संगणकावरील एखादी कृती कागदावर लिहावी, पाचवीच्या मुलाने ती एकट्याने करून पाहावी, आणि तो अडला की सातवीच्या मुलाने पेन्सिल घेऊन आपलाच कागद पुन्हा दुरुस्त करावा.